पेट्रोलची वाफ शरीरात कुठे कुठे जाते?

पंपावर आठ-दहा तास उभी राहणारी मुले-मुली, गॅरेजमधले मेकॅनिक, टँकर रिकामा करणारे कामगार यांची एक तक्रार नेहमी कानावर येते : "ड्युटी संपली तरी डोके जड राहते." वास गेला की वाफ गेली, असे आपण धरून चालतो. पण शरीराचा हिशेब वेगळा आहे.

वाफेचा प्रवास

पेट्रोल म्हणजे बेन्झीन, टोल्युइन, झायलीन, हेक्झेन अशा शेकडो रसायनांचे मिश्रण. श्वासावाटे ती फुप्फुसात आणि तिथून रक्तात उतरतात. मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांना रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथे ती काही मिनिटांतच पोचतात. चक्कर, डोकेदुखी त्यातूनच येते. चरबीला रक्त कमी मिळते. तिथे ती सावकाश साठतात आणि घरी गेल्यावर सावकाश रक्तात परततात. थोडी वाफ उच्छ्वासातून बाहेर पडते, बरीचशी यकृत मोडते.

हे कळते कसे?

जिवंत माणसाच्या यकृतात दर तासाला सुई घालून मोजमाप करता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ शरीराचे गणिती प्रारूप मांडतात. फुप्फुस, यकृत, चरबी असे कप्पे पाडायचे. कुठे मिनिटाला किती रक्त जाते, रसायन कुठे किती विरघळते, यकृत ते किती वेगाने मोडते, हे आकडे भरायचे. १९८४ मध्ये रॅमसे आणि अँडरसन यांनी स्टायरीनचे असे प्रारूप उंदीर आणि माणूस दोघांसाठी मांडले. २००३ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अख्ख्या पेट्रोलचे प्रारूप केले : मोजकी मुख्य रसायने सुटी धरली, उरलेल्यांची एक मोट बांधली.

यात यकृतातली गर्दी दिसते. रेशन दुकानात खिडकी एक आणि माणसे शंभर, तशी अनेक रसायने त्याच एन्झाइमसाठी रांग लावतात. वाफ दाट असली की रांग वाढते, रसायने रक्तात जास्त वेळ रेंगाळतात. वाफ विरळ असेल तर रांग फारशी लागत नाही. म्हणून एकेक रसायन सुटे तपासून मिश्रणाचा अंदाज येत नाही.

बेन्झीन मोडताना तयार होणारे पदार्थ अस्थिमज्जेला घातक असतात. त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. भारतात पेट्रोलमध्ये १ टक्क्यापर्यंत बेन्झीन चालते. हेक्झेनमुळे हातापायांच्या नसा बधिर होऊ शकतात.

काय करावे?

• तोंडाने पेट्रोल ओढू नका, त्याने हात धुऊ नका. ते कातडीतूनही शिरते.
• वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. रुमाल किंवा साध्या मास्कने वाफ अडत नाही.
• पेट्रोल सांडलेले कपडे लगेच बदला.
• गरोदर भगिनींनी दुसरे काम मागून घ्यावे. बेन्झीन वारेतून बाळापर्यंत जाते.
• थकवा, वारंवार ताप, अंगावर निळे डाग दिसले तर रक्ताची सीबीसी तपासणी करा आणि डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा.

मालकाकडे हातमोजे आणि नियमित तपासणी मागताना संकोच नको. तो आपला हक्क आहे. एकेकट्याने नको, सगळ्यांनी मिळून मागा.