वीजबिल एकाचे, यंत्रणा दुसऱ्याची

भाड्याच्या व्यापारी इमारतीत चिलर, पंप, गच्ची आणि बाहेरच्या काचा मालकाच्या ताब्यात असतात, वीजबिल मात्र बहुधा भाडेकरूच भरतो. त्यामुळे मालकाने पदरचे पैसे घालून यंत्रणा सुधारली तर बचत भाडेकरूला मिळते, आणि भाडेकरूने खर्च केला तर करार संपताच ती सुधारणा मालकाकडे राहते. अर्थशास्त्रात या पेचाला विभाजित प्रोत्साहन म्हणतात. मालकाला पर्यावरणाची चाड नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे अन्यायाचे ठरेल, कारण तोट्याचा व्यवहार त्याने केवळ सद्भावनेपोटी करावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

या पेचावर हरित भाडेकरार हा उपाय आहे. ऊर्जाबचतीचा खर्च आणि लाभ कोणी किती वाटून घ्यायचा, हे त्यात आधीच लिहिलेले असते. न्यूयॉर्क शहर प्रशासनाने 2011 मध्ये पुढे आणलेल्या नमुना कलमानुसार, अभियंत्याने वर्तवलेल्या वार्षिक बचतीच्या 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मालक भाडेकरूंकडून वसूल करू शकतो आणि उरलेले 20 टक्के, अंदाज चुकलाच तर भाडेकरूला झळ बसू नये म्हणून, राखून ठेवले जातात. या कलमाचे खरे मोल असे, की मालकाच्या गुंतवणुकीला परताव्याची वाट मिळते आणि भाडेकरूचा एकूण बोजाही वाढत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये कायद्यानेच दडपण आणले असून, एप्रिल 2018 पासून ऊर्जा प्रमाणपत्रात ‘ई’पेक्षा खालची श्रेणी असलेली व्यापारी जागा, काही अपवाद वगळता, नव्याने भाड्याने देता येत नाही, आणि एप्रिल 2023 पासून हा नियम चालू करारांनाही लागू झाला. भारतात भाडेकरारांवर असे बंधन नाही. येथे वाटाघाटीवरच भिस्त ठेवावी लागते.

महाराष्ट्रात कार्यालये अनेकदा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करारावर काही वर्षांसाठीच घेतली जातात, आणि इतक्या मुदतीत मोठ्या सुधारणेचा खर्च वसूल होत नाही. म्हणून लॉक-इनचा, म्हणजे करार मोडता न येण्याचा, काळ वाढवण्याची तयारी हे भाडेकरूच्या हातातले सर्वांत भक्कम साधन ठरते. बोलणी मात्र लहान आणि मोजता येईल अशा कामापासून सुरू व्हावीत. चिलरचे पाणी फिरवणाऱ्या पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटारीची गती गरजेनुसार बदलणारे उपकरण, बसवून गती एक-पंचमांशाने कमी केली, तर विजेचा वापर तत्त्वतः निम्म्यावर येतो, कारण पंपाला लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. उपमीटरवर दिसणारा हा फरक संशयी मालकालाही नाकारता येत नाही; पण उपमीटर आधीपासून नसेल, तर तुलनेला आधारच उरत नाही.

ज्यांच्या कराराचे नूतनीकरण जवळ आले आहे, त्यांनी भाड्याच्या दरावर बोलण्याआधी मागील बारा महिन्यांची वीजबिले आणि उपमीटर बसवण्याचा लेखी प्रस्ताव मालकापुढे ठेवावा.