वैमानिक व्हायचंय? डोळ्यांबरोबर कानही सांभाळा

वैमानिकाची नजर तेज असावी लागते, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे घरातील मुलगा किंवा मुलगी विमान शिकायला निघाली की मंडळी आधी चष्म्याचा नंबर तपासून घेतात. कानांची आठवण मात्र फारशी कोणाला होत नाही. वास्तविक शिकाऊ वैमानिकाच्या बाबतीत जास्त झीज होण्याची भीती असते ती कानांचीच, आणि ती रोखण्याचे साधन तो रोज डोक्यावर चढवत असतो. ते साधन म्हणजे हेडसेट.

बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी विमानचालनाचे शिक्षण मिळते. आपल्यासारख्या गावांतील मुले-मुलीही आता तेथे जाऊ लागली आहेत. व्यावसायिक परवान्यापर्यंतचा खर्च काही दशलक्षांत जातो. कोणी कर्ज काढतो, कोणी जमीन गहाण ठेवतो. आणि एवढे झाल्यावर हेडसेटची वेळ आली की ‘संस्थेचा आहे ना, मग नवा कशाला?’ असा हिशेब होतो. हा हिशेब महागात पडू शकतो, म्हणून आजचा लेख.

मध्यंतरी सुट्टीवर आलेला असाच एक विद्यार्थी वडिलांबरोबर दवाखान्यात आला. कानात शिट्टी वाजते, ही तक्रार. तपासले तर मळ नाही, पडदा उत्तम. चौकशी केल्यावर उलगडा झाला. आधीच्या आठवड्यात रोज दोन उड्डाणे झाली होती. हेडसेट सर्वांच्या वापरातला, गादीला भेगा पडलेल्या. त्यातून चष्म्याची जाड काडी. बाहेरचा आवाज आत येई, म्हणून रेडिओचा आवाज पूर्ण वाढवलेला. चार दिवसांच्या शांततेत शिट्टी थांबली. तरीही मी त्याला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. श्रवणाच्या आलेखात ४००० हर्ट्‌झपाशी बारीकसा खड्डा दिसला. वडील म्हणाले, “डॉक्टरसाहेब, पण मेडिकलला तर तो पास झालाय!”

पास झाला म्हणजे कान शाबूत?

येथेच खरी मेख आहे. व्यावसायिक परवान्यासाठी लागणाऱ्या प्रथम वर्गाच्या वैद्यकीय तपासणीत प्रत्येक कानाची स्वतंत्र परीक्षा होते. आंतरराष्ट्रीय निकषानुसार ५००, १००० आणि २००० हर्ट्‌झला ३५ डेसिबलपेक्षा, तर ३००० हर्ट्‌झला ५० डेसिबलपेक्षा जास्त बहिरेपण चालत नाही. या मर्यादेत ४००० हर्ट्‌झचा उल्लेख नाही. गोंगाटाने होणारा बिघाड मात्र बहुधा ४००० च्या आसपासच सुरू होतो आणि मग हळूहळू खालच्या स्वरांकडे सरकतो. म्हणजे प्रमाणपत्र हातात असताना नुकसान सुरू झालेले असू शकते. ते परीक्षेत पकडले जाईल तेव्हा फार उशीर झालेला असतो.

उशीर का, तर अंतर्कर्णातील शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर त्याच करतात. त्वचा किंवा हाड पुन्हा भरून येते, या पेशी मात्र एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. त्यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही.

गोंगाट किती?

लहान शिकाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये आवाज साधारण ८५ ते ९५ डेसिबलच्या दरम्यान असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने सुचवलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबल आठ तास, ८८ चार तास, ९१ दोन तास आणि ९४ फक्त एक तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. आपल्याकडे व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. पुढे प्रशिक्षक म्हणून काम केले तर शेकडो तास वाढतात. उघड्या कानांनी हे सोसणारे नाही.

हेडसेटच्या खोक्यावर आवाज किती घटतो त्याचा आकडा दिलेला असतो. चांगल्या साध्या हेडसेटवर तो २३-२४ डेसिबल असतो. हा प्रयोगशाळेतला आकडा. प्रत्यक्षात त्यातून पाव हिस्सा वजा धरावा. तरी ९५ डेसिबलचा गोंगाट कानापाशी ७८ च्या घरात येतो. म्हणजे व्यवस्थित बसलेला साधा हेडसेटही कान वाचवतो. ‘व्यवस्थित बसलेला’ हे शब्द मात्र विसरू नयेत.

साधा की बॅटरीवाला?

दोन पाती असलेला पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ८० फटके बसतात. ही झाली खालच्या पट्टीतली घरघर. कानावरचे कप वरच्या पट्टीतला आवाज चांगला अडवतात, खालची घरघर मात्र बरीचशी आत येते. बॅटरीवर चालणारा हेडसेट आतल्या छोट्या माइकने ही घरघर टिपतो आणि तिच्या नेमकी उलट लहर सोडून तिला मारतो. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली विमानप्रवासात सुचली. १९८६ मध्ये इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या ‘व्हॉयेजर’ विमानातील डिक रुटान आणि जीना येगर यांनी या तंत्राचे प्रायोगिक हेडसेट वापरले. १९८९ पासून ते बाजारात आले.

थकवा कमी येतो, रेडिओवरचे बोलणे स्पष्ट कळते, हे त्याचे मोठे फायदे. ‘इंजिनाचा आवाजच ऐकू आला नाही तर?’ ही भीती नको. आवाज कमी होतो, नाहीसा होत नाही. पण किंमत साध्याच्या तिप्पट-चौपट असते. ऐपत असेल तर जरूर घ्यावा. नसेल तर कर्ज वाढवू नये. आपल्या मापाचा साधा हेडसेट घ्यावा आणि आत फोमचे बोळे घालावेत. त्यावर रेडिओचा आवाज थोडा वाढवला तरी बोलणे ऐकू येते. कापसाच्या बोळ्यांचा मात्र उपयोग नाही.

घेताना काय पाहावे?

१. दुकानात निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवून बसावे. कानाची पाळी कपात पूर्ण मावली पाहिजे. दाब सैल असेल तर आवाज शिरतो, फार घट्ट असेल तर डोके दुखते.

२. चष्मा असेल तर लावूनच पाहावे. काड्या पातळ आणि सरळ असाव्यात. जाड काडीमुळे गादीखाली फट राहते.

३. माइक ओठांच्या कोपऱ्याला जवळजवळ टेकेल असा वळता यावा.

४. पिन तपासावी. साध्या विमानाच्या हेडसेटला दोन पिना असतात, हेलिकॉप्टरच्या हेडसेटला बहुधा एकच.

५. गादी सुटी विकत मिळते ना, ते विचारावे. ती कडक झाली, चिरली की लगेच बदलावी.

६. गाणी ऐकायचा हेडफोन या कामाचा नव्हे, तो कितीही महाग असो.

हेडसेट शक्यतो स्वतःचाच असावा. घामट हवेत दुसऱ्याचा हेडसेट वापरल्याने कानात बुरशी आणि फोड झालेले रुग्ण येतात. संस्थेचाच वापरावा लागला तर कापडी आवरण आपले ठेवावे, रोज धुवावे. आणि सर्दीने कान दडे बसले असतील तर उड्डाण टाळावे. हवेच्या दाबापुढे कुठलाही हेडसेट काही करू शकत नाही.

पालकांना एक विनंती. प्रशिक्षणाला पाठवण्यापूर्वी मुलाची ऑडिओमेट्री ८००० हर्ट्‌झपर्यंत करून तो कागद जपून ठेवा आणि दरवर्षी नवा आलेख त्याच्याशी ताडून पाहा. उड्डाणानंतर कानात शिट्टी वाजली, समोरच्याचे बोलणे दबके वाटले, तर ‘होईल कमी’ म्हणून सोडून देऊ नका. शिट्टी थांबली म्हणजे कान बरा झाला असे नव्हे. ती कानाने दिलेली पहिली सूचना आहे.