मेदयुक्त यकृत : व्रण कसे पडतात, कसे टळतात

यकृताचा विकार म्हटला की रुग्णाच्या मद्यपानाविषयी प्रथम शंका घेतली जाते. वस्तुत: मद्याला कधीही न शिवलेल्या व्यक्तींच्या यकृतातही मेद साठतो. स्थूलता, मधुमेह आणि बैठे जीवनमान ही त्याची प्रमुख कारणे होत. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. तेव्हा त्याचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रौढ व्यक्तीचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. त्याचा सुमारे ८० टक्के भाग यकृतपेशींनी व्यापलेला असतो. पाच टक्के किंवा अधिक यकृतपेशींत मेद आढळल्यास त्या अवस्थेस 'फॅटी लिव्हर' म्हणतात. बहुतेकांना या अवस्थेत कोणताही त्रास जाणवत नाही. खरा धोका पुढे पडणाऱ्या व्रणांचा, म्हणजेच तंतुमयतेचा आहे.

हे व्रण प्रामुख्याने तारकापेशी निर्माण करतात. कार्ल फॉन कुप्फर या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ साली या पेशींचे प्रथम वर्णन केले. निरोगी यकृतात त्या 'अ' जीवनसत्त्वाचा साठा बाळगून शांत असतात. मात्र मेदाचा भार असह्य झाला की यकृतपेशी फुगते आणि रासायनिक संदेश सोडू लागते. या संदेशांमुळे दाह निर्माण करणाऱ्या पेशी जमतात व तारकापेशी जागृत होतात. जागृत तारकापेशी आपला जीवनसत्त्वाचा साठा गमावून कोलॅजनचे चिवट तंतू तयार करतात. जखम भरून काढण्याची ही निसर्गाची तजवीज आहे; परंतु जखम वर्षानुवर्षे चालूच राहिल्यास तंतूंचे जाळे पसरते, यकृत कठीण होते आणि 'सिरॉसिस' उद्भवतो.

व्रण तारकापेशींचे असले तरी त्यांना कामास लावणारी यकृतपेशीच होय. उंदरांवरील प्रयोगांत यकृतपेशींतील 'टाझ' या प्रथिनाचे प्रमाण घटविले असता तंतुमयता कमी झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

यातच आशेचे स्थान आहे. यकृतपेशींवरील मेदाचा भार हलका झाला की संदेश थांबतात व तारकापेशी पुन्हा शांत होऊ शकतात. शरीराचे वजन ७ ते १० टक्क्यांनी घटल्यास दाह कमी होतो; १० टक्के वा अधिक घटल्यास अनेक रुग्णांची तंतुमयताही मागे हटते. ८० किलो वजनाच्या व्यक्तीस याकरिता सुमारे आठ किलो वजन कमी करावे लागेल. सिरॉसिस झाल्यावर मात्र यकृत पूर्ववत होणे कठीण असते.

म्हणून वेळीच तपासणी महत्त्वाची. आशा स्वयंसेविका तिशीवरील व्यक्तींची माहिती नोंदविताना कमरेचा घेर मोजतात. तो पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास आरोग्य केंद्रात सल्ला घ्यावा. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही साधी मोजपट्टी घरोघर पोहोचविण्यास साहाय्य करावे आणि या रुग्णांवरील मद्यपानाचा अकारण ठपका दूर करावा.