घरच्या हातांनीं केलेला स्पीकर

ऐकणें ही एके काळीं सर्व घरानें मिळून करावयाची गोष्ट होती. पुण्याचें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें एका रेडिओभोंवतीं आजोबांपासून नातवापर्यंत सर्व मंडळी बसत. आज पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही सुशिक्षित घरांत डोकावून पाहावें, तों चार माणसें चार खोल्यांत, आणि प्रत्येकाच्या कानांत निराळें यंत्र! बैठकीच्या भिंतीवर भला मोठा टीव्ही असतो खरा. पण तो जितका पातळ होत गेला, तितका त्याचा आवाजही पातळ झाला. बहुतेक टीव्हींतील स्पीकर अगदीं लहान असून त्यांचें तोंड खालीं किंवा मागें भिंतीकडे असतें. चित्र दिसतें, शब्द मात्र नीट कळत नाहीं, आणि वडील मंडळी हळूहळू तेथून उठून जातात. या दुखण्यावर घरच्या घरीं करतां येण्याजोगा एक उपाय आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

या भागांत हातांच्या कौशल्याची वाण नाहीं. फिलिप्स कंपनीनें भारतांतील आपला दुसरा रेडिओ-कारखाना १९५९ मध्यें पुण्याजवळच काढला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, आणि पिंपरी, भोसरी, आकुर्डी येथून थेट चाकणपर्यंत कारखान्यांची रांग लागली. आमचीं मुलें तेथें मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब ठेवतात. पण घरीं कपाटाचें बिजागर निखळलें तर सुताराची वाट पाहतात! सारें कौशल्य कारखान्याच्या फाटकाआंत खर्चीं पडावें आणि घराच्या वांट्यास कांहींच येऊं नये, हें आम्हांस बरें वाटत नाहीं.

स्पीकराची रचना मुळांत साधी आहे. कागदाचा एक शंकु, त्याच्या टोकास तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें, आणि त्याभोंवतीं लोहचुंबक. गाण्याबरोबर बदलणारा विद्युत्प्रवाह वेटोळ्यांतून गेला कीं तें मागेंपुढें हलतें, त्याबरोबर शंकु हलतो, आणि शंकु हवेस हलवितो. अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनीं १९२५ मध्यें हा प्रकार व्यवस्थित मांडला. शंभर वर्षें लोटलीं, तरी मूळ घडण तीच आहे.

माणसाच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० कंपनांपर्यंतचे ध्वनि ऐकूं येतात. खालच्या ध्वनीस हवा पुष्कळ हलवावी लागते, म्हणून शंकु मोठा हवा. वरच्यास चपळपणा लागतो, म्हणून तो लहान व हलका हवा. यास्तव बाजारांतील बहुतेक चांगल्या स्पीकरांत दोन किंवा तीन निरनिराळे ड्रायव्हर बसवून त्यांच्यांत ध्वनीची वांटणी केलेली असते. दोन ड्रायव्हर असले तर ही वांटणी बहुधा २,००० ते ३,००० कंपनांच्या आसपास होते. अडचण अशी कीं, आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो तो याच्याच जवळपास, आणि ज्यांच्यावर शब्दाचा स्पष्टपणा अवलंबून, त्या व्यंजनांचा बराच भागही येथेंच येतो. म्हणजे एकाच गायकाचा स्वर एका तोंडानें आणि व्यंजन दुसऱ्या तोंडानें! कसलेले कारागीर हा सांधा बेमालूम जुळवितात. घरीं करणारास तें अवघड जातें. या धंद्यांतले लोक ज्यास ‘फुल-रेंज ड्रायव्हर’ म्हणतात, त्यांत हा सांधाच नसतो. तीन ते पांच इंच व्यासाचा एकच शंकु बहुतेक सर्व ध्वनि काढतो. कोची येथील जेकब जॉर्ज या वास्तुविशारदानें ‘रेथम’ या नांवानें जे स्पीकर जगापुढें आणले, त्यांचा पाया हाच आहे.

मात्र याच्या मर्यादाही प्रथमच सांगितल्या पाहिजेत. ध्वनि कसा पसरतो, याविषयीं आपल्या नैयायिकांनीं दोन दृष्टांत दिले आहेत. एक वीचीतरंगाचा, म्हणजे पाण्यांत एका लाटेंतून दुसरी उठावी तसा; दुसरा कदंबगोलकाचा, म्हणजे कदंबाच्या केसरांप्रमाणें सर्व दिशांस एकदम फुटणारा. १०० कंपनांच्या ध्वनीची लाट सुमारें ३.४ मीटर लांब असते. चार इंची शंकूपुढें ती प्रचंडच, म्हणून तो ध्वनि कदंबासारखा चोहोंकडे पसरतो. १०,००० कंपनांची लाट अवघी ३.४ सेंटिमीटर, ती शंकूच्या तोंडासमोर सरळ जाते, बाजूस फारशी वळत नाहीं. म्हणून असे स्पीकर ऐकणाराकडे तोंड करून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावे. शिवाय लहान शंकु फार मोठा आवाज किंवा फार खोल खर्ज देऊं शकत नाहीं. ढोल-ताशांचा दणका छातींत बसावा, अशी ज्यांची हौस असेल, त्यांनीं याच्या वाटेस जाऊं नये.

आतां पेटीविषयीं. शंकु पुढें सरतो तेव्हां समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणीं मागची विरळ होते. पेटी नसेल तर या दोन लाटा एकमेकींस मारतात व खर्ज नाहींसा होतो. पेटी किती मोठी असावी, हें पूर्वीं अंदाजानें ठरत असे. ऑस्ट्रेलियांत काम करणारे नेव्हिल थील यांनीं १९६१ मध्यें आणि रिचर्ड स्मॉल यांनीं १९७२-७३ च्या सुमारास त्याचें गणित बसवून दिलें. चांगल्या ड्रायव्हराबरोबर त्याचा तपशील मिळतो. त्यांत तीन आंकडे पाहावे: स्वाभाविक कंपनसंख्या, गुणांक, आणि त्याच्या लवचीकपणाशीं तुल्य असें हवेचें आकारमान. समजा, ते अनुक्रमें ७०, ०.५ आणि १० लिटर आहेत. बंद पेटींत गुणांक ०.७०७ झाला कीं खर्ज नीट उतरतो. या ०.७०७ ला मूळ ०.५ नें भागावें; १.४१४ येतात. त्याचा वर्ग २. त्यांतून १ वजा केला कीं बाकी १. या बाकीनें १० लिटरांस भागलें कीं पेटी १० लिटरांची! आणि ७० ला १.४१४ नें गुणलें कीं कळतें, पेटींत बसल्यावर सुमारें ९९ कंपनांखालीं आवाज उतरत जाईल.

यांत तंबोऱ्याचा खर्ज जाईल काय? गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारें १३९ कंपनांचा, आणि तंबोऱ्याचा खर्ज सुमारें ६९ चा. तो दबेल, पण हरवणार नाहीं. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ मध्यें तंबोरा व वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून दाखविलें कीं, तिच्या विशिष्ट घडणीमुळें तारेंतून वरचे अंशस्वर विपुल उठतात. मूळ स्वर मंद असला तरी अंशस्वरांवरून आपला कान तो ओळखून घेतो. म्हणून नवा स्पीकर तपासावयाचा तर प्रथम तंबोरा, नंतर मनुष्याचा कंठ ऐकावा.

कृति कठीण नाहीं. ड्रायव्हर व तारा पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत शोधाव्या. प्लायवूड १८ मिलिमीटर जाडीचें घ्यावें. आंतील मापें १८, २२ व २५ सेंटिमीटर ठेवलीं तर ९,९०० घनसेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १० लिटर होतात. तिन्ही मापें सारखीं ठेवूं नयेत, नाहींतर आंतल्या लाटा एकाच स्वरावर घुमतात. फळ्या काटकोनांत कापून आणाव्या, सरस लावून शिकंज्यांत आवळाव्या, व रात्रभर तशाच ठेवाव्या. कोठेंही फट राहतां कामा नये. आंत उशीचा कृत्रिम कापूस सैल भरावा. शेवटीं दीड व्होल्टच्या सेलानें तारा तपासाव्या: सेलाचें धन टोक ड्रायव्हराच्या धन टोकास क्षणभर टेकवतांच शंकु बाहेर यावा. दोन स्पीकरांपैकीं एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर खर्ज पळतो आणि गायक कोठें बसला आहे तेंच कळेनासें होतें. ॲम्प्लिफायर थोड्या वॉटचा पुरतो.

निगडीच्या प्राधिकरणांतील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत धाकट्या मुलानें दोन रविवार खपून अशी जोडी केली. तो चाकणच्या एका कारखान्यांत टूलरूममध्यें आहे. पुतण्यानें गणित केलें, वहिनींनीं कापूस भरला. घरचे आजोबा ऐंशीच्या घरांतले. टीव्हीपुढें बसणें त्यांनीं सोडलेंच होतें. त्या संध्याकाळीं एक जुनें नाट्यपद लावलें, तेव्हां ते खोलींतून आपण होऊन बाहेर आले. सूनबाईंनीं विचारलें, “मामंजी, आवाज वाढवूं का?” ते म्हणाले, “नको. आज शब्द कळताहेत.” स्पीकर कांहीं कानांचें औषध नव्हे, ऐकूं कमी येत असेल तर वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. परंतु ज्यास थोडें ऐकूं येतें, त्यास तें थोडें तरी स्वच्छ ऐकूं यावें, एवढें घरच्यांच्या हातीं आहे.

तयार वस्तु विकत आणली कीं ती एकाची होते. सर्वांनीं मिळून केलेली वस्तु घराची होते. तिच्यांत काय आहे, काय बिघडूं शकतें आणि तें कसें दुरुस्त करावें, हें धाकट्यांनांही ठाऊक असतें. येत्या सुटींत ज्या घरांत एक करवत, एक मोजपट्टी आणि वर्ग करतां येणारा एक मुलगा किंवा मुलगी असेल, त्या घरानें हा उद्योग हातीं घ्यावा. स्पीकर बरा वठला तर गाणें मिळेल. आणि तो वठेपर्यंत चार खोल्यांतलीं माणसें एका खोलींत येऊन बसलेलीं असतील.