अमेरिकन विद्यार्थ्यांचा मासेमारीचा सामना

शाळेच्या एखाद्या कार्यास पैशाची गरज पडली म्हणजे आपले विद्यार्थी वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरतात, किंवा नाटकाचा प्रयोग करून तिकिटें विकतात. अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत पुष्कळ कॉलेजांतून विद्यार्थ्यांचीं मासेमारीचीं मंडळें आहेत. त्यांस दूरदूरच्या सरोवरांवर आंतरकॉलेज सामन्यांकरितां जावें लागतें. मोटारीचें तेल, राहण्याची सोय, प्रवेशाची फी, असा खर्च बराच येतो. आणि पुष्कळ मंडळांस तो आपला आपणच उभारावा लागतो. याकरितां तीं लोकांपुढें नुसता हात न पसरतां स्वतःच मासेमारीचा सामना भरवितात. तो कसा भरवितात, हें आमच्या वाचकांस सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्या माशाकरितां हा सामना होतो त्यास बास म्हणतात. हा गोड्या पाण्यांतील मासा मोठ्या तोंडाचा, चपळ व शिकारी असून गळाच्या खोट्या आमिषावरही झडप घालतो. इ. स. १९३२ मध्यें जॉर्जिया संस्थानांत २२ पौंड ४ औंस वजनाचा बास धरला गेला. त्या उच्चांकाची बरोबरी थेट इ. स. २००९ मध्यें जपानांतील बिवा सरोवरांत झाली. सामन्यांत मात्र बहुधा दोनचार पौंडांचेच मासे मिळतात.

अशा सामन्यांस आजचें स्वरूप आणणारे गृहस्थ रे स्कॉट हे होत. हे अलाबामा संस्थानांतील विम्याचे एजंट होते. इ. स. १९६७ च्या जून महिन्यांत त्यांनीं आर्कान्सा संस्थानांतील बीव्हर सरोवरावर १०६ स्पर्धकांचा सामना भरविला. फी प्रत्येकीं १०० डॉलर होती. पुढें इ. स. १९७२ पासून त्यांनीं धरलेला मासा जिवंत परत सोडण्याचा प्रघात पाडला.

आतां विद्यार्थ्यांच्या कामाकडे वळूं. प्रथम सरोवर व दिवस ठरवावा लागतो. संस्थानाच्या मत्स्यखात्याचे नियम पाहून जेथें परवाना लागतो तेथें तो आगाऊ काढतात. होड्या पाण्यांत उतरविण्याचा धक्का राखून ठेवितात व अपघाताचा विमा उतरवितात. मग फी, वेळ, माशांची संख्या, लांबीची मर्यादा व बक्षिसें यांचे नियम छापून सर्वांस वांटतात. जो नियम आधीं लिहिला नाहीं, त्यावरच मागाहून भांडण होतें, हें त्यांस अनुभवानें कळलेलें असतें.

सामन्याच्या दिवशीं पहांटे स्पर्धक जमतात. बहुधा एका होडींत दोघे असतात. कोणती होडी आधीं सुटावी हें चिठ्ठ्या टाकून ठरवितात. प्रत्येकानें तरंगतें जाकीट घातलें आहे कीं नाहीं, आणि होडी हांकणारा पाण्यांत पडल्यास यंत्र बंद करणारी दोरी त्याच्या अंगास बांधली आहे कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून होडी सोडीत नाहींत. दुपारीं ठरलेल्या वेळीं सर्वांनीं परत यावयाचें असतें. उशीर झाल्यास वजन कापलें जातें. प्रत्येक होडीचे उत्तम असे बहुधा पांच मासे तोलतात, आणि ज्यांची बेरीज अधिक ते जिंकतात. मेलेला मासा आणल्यास त्याबद्दलही वजन कापतात.

हा शेवटचा नियम विशेष लक्षांत घेण्याजोगा आहे. होडींत पाणी खेळविलेला एक हौद असतो; त्यांत मासे दिवसभर जिवंत ठेवितात. ऊन पाण्यांत प्राणवायु कमी राहतो, म्हणून भर उन्हाळ्यांत मासे अधिक मरतात. वसंतांत नर बास घरट्यांतील अंड्यांची राखण करितो. त्यास उचलून नेलें तर इतर मासे तीं अंडीं खाऊन टाकतात. यास्तव शहाणें मंडळ दिवस निवडतांना केवळ आपली सुटी पाहत नाहीं, माशाचीही सोय पाहतें. माशास ओल्या हातानेंच धरावें, कारण कोरड्या हातानें त्याच्या अंगावरील रक्षक बुळबुळीत थर निघून जातो. आणि तोलतांच त्यास परत सोडावें, अशी ताकीद असते.

पैशाचा हिशेब उदाहरणानें सांगतों. समजा, ५० होड्या आल्या व प्रत्येकीची फी १०० डॉलर घेतली, तर ५,००० डॉलर जमतील. त्यांतून ३,००० बक्षिसांस व ५०० इतर खर्चास गेले, तर मंडळास १,५०० उरतील. गांवच्या दुकानदारांनीं गळाच्या काठ्या वगैरे वस्तु बक्षिसादाखल दिल्या, तर शिल्लक वाढेल. परंतु बक्षिसांस किती व मंडळास किती, हें फी घेण्यापूर्वींच जाहीर केलें पाहिजे.

जेथें पैसा आला तेथें मोहही आला. इ. स. २०२२ मध्यें ईरी सरोवरावरील एका सामन्यांत दुसऱ्या जातीच्या माशांचें वजन त्यांच्या आकारास जुळेना. चालकांनीं मासे चिरून पाहिले, तों पोटांत शिशाचे गोळे निघाले! दोघां स्पर्धकांनीं पुढें न्यायालयांत अपराध कबूल केला व त्यांस तुरुंगवास भोगावा लागला. म्हणूनच तोलण्याचें काम सर्वांच्या देखत, परीक्षा केलेल्या कांट्यावर चालतें. खऱ्या तराजूविषयीं पवित्र शास्त्रांत जो आग्रह आहे, त्याचें मर्म अशा वेळीं कळतें.

कोणी विचारील कीं, परत सोडावयाचा तर मासा धरावा कशाला? पोटाकरितां जाळें टाकणाऱ्या कोळ्याची गोष्ट निराळी. केवळ खेळासाठीं मुक्या प्राण्यास गळ लावणें योग्य काय? हा प्रश्न खोटा नव्हे. सोडलेल्या माशांपैकीं कांहीं पुढें मरतात, हेंही खरें आहे. आमचें मत इतकेंच कीं, ज्यास असा खेळ खेळावयाचा आहे त्यानें त्या जीवाची काळजी हा खेळाचाच एक भाग मानावा. आणि ज्याच्या मनास तें पटत नाहीं त्यानें द्रव्य मिळविण्याचा दुसरा मार्ग शोधावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापाशीं सरोवर नसेल, होडीही नसेल. परंतु संमेलनाची वर्गणी तुमच्या हातीं येते, पावतीपुस्तक तुमच्या हातीं येतें. नियम आधीं सांगा, तोल सर्वांदेखत करा, आणि कार्य संपतांच पैन् पैचा हिशेब फळ्यावर लावा. ज्या मंडळानें असें केलें, त्याच्या दारीं लोक पुढच्या वर्षीं आपण होऊन येतात; आणि ही पत शिल्लक राहिलेल्या रकमेहून मोठी होय.