पेट्रोग्राडची पावाची रांग

रशियात १९१७ साली दुष्काळ नव्हता. उलट पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानने दार्दानेल्सची सामुद्रधुनी बंद केल्यामुळे एरवी परदेशी जाणारा गहू देशातच अडकून पडला होता. तरीही राजधानी पेट्रोग्राडमध्ये बायका उजाडण्याआधीपासून गोठवणाऱ्या थंडीत बेकरीसमोर उभ्या राहत आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतत.

धान्य होतं, पण ते शहरापर्यंत पोचत नव्हतं. रेल्वेवर पहिला हक्क सैन्याचा, इंजिनं नादुरुस्त, त्यात रुळांवर बर्फ. शेतकऱ्याचा हिशेबही सरळ होता. कारखाने तोफगोळ्यांत गुंतलेले, बाजारात नांगर नाही, खिळे नाहीत, कापड नाही. मग धान्य विकून मिळणाऱ्या नोटांचं करायचं काय? त्या नोटांची किंमत तर रोज घसरत होती. १९१४ मध्ये सरकारने व्होडकाची विक्री बंद केली आणि तिजोरीचं सुमारे चौथा हिस्सा उत्पन्न स्वतःच्या हाताने घालवलं. युद्धाचा खर्च मग नोटा छापून भागवला जाऊ लागला.

गिरणीतली पाळी संपवून बाई रांगेत उभी राही. तिथेच कुणाचा नवरा आघाडीवर पडल्याची बातमी कळे, तिथेच राजघराण्याच्या मर्जीतल्या रास्पुतिन या साधूबद्दल आणि जर्मन वंशाच्या राणीबद्दल कुजबुज चाले. गुप्त पोलिसांनी वरिष्ठांना कळवलंही होतं की, ड्यूमा या संसदेतल्या पुढाऱ्यांपेक्षा या थकलेल्या आया क्रांतीच्या जास्त जवळ आहेत. झार निकोलसने मात्र १९१५ मध्येच सरसेनापतिपद स्वतःकडे घेऊन दूर मोगिल्योफला मुक्काम हलवला होता. माझ्या मते त्याची सर्वांत घातक चूक हीच. त्यानंतरचा प्रत्येक पराभव थेट त्याच्या नावावर जमा होऊ लागला.

८ मार्च १९१७, महिला दिन. रशियाच्या जुन्या पंचांगानुसार २३ फेब्रुवारी. व्हिबोर्ग भागातल्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी काम थांबवलं. त्या शेजारच्या लोखंडाच्या कारखान्यांपुढे गेल्या, खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारून पुरुषांना बाहेर बोलावू लागल्या. मागणी एकच, पाव! तिसऱ्या दिवशी संपावर दोन लाखांहून अधिक माणसं होती. गर्दीवर घातलेले कोसॅक घोडेस्वार काही ठिकाणी चाबूक न उगारता, एकामागे एक, लोकांमधून वाट काढत निघून गेले. रस्त्यावरच्या माणसांनी ते पाहिलं आणि त्यांची भीती ओसरू लागली.

नुसत्या भुकेने सिंहासन कोसळत नाही. १९१६-१७ च्या हिवाळ्यात जर्मन जनता सलगमावर जगली, तरी त्यांचा सम्राट कैसर नोव्हेंबर १९१८ पर्यंत टिकला; कीलच्या नौसैनिकांनी हुकूम झुगारल्यावरच तो गेला. पेट्रोग्राडमध्ये ती वेळ लवकर आली. दंगे ताबडतोब मोडून काढा, अशी झारची तार आली. ११ मार्चला वोलिन्स्की रेजिमेंटच्या सैनिकांनी लोकांवर गोळ्या झाडल्या. ती रात्र त्यांनी बराकीत आपसांत बोलत काढली आणि सकाळी पुन्हा बाहेर पडायला नकार दिला. त्यांचा अधिकारी त्यांच्याच गोळीला बळी पडला. संध्याकाळपर्यंत शहरातल्या एकामागून एक पलटणी बंडात सामील झाल्या होत्या. त्यातले कित्येक जण नुकतेच भरती झालेले शेतकरी होते, रांगेतल्या बायकांसारख्याच घरांतून आलेले.

१५ मार्चला प्स्कोफ स्थानकात, आगगाडीच्या डब्यात, निकोलसने भाऊ मिखाईलच्या नावे राज्यत्याग केला. दुसऱ्याच दिवशी मिखाईलनेही सिंहासन नाकारलं. ३०४ वर्षांची रोमानोव्ह राजवट संपली. नव्या हंगामी सरकारने मात्र युद्ध चालूच ठेवलं. पावाच्या रांगा काही संपल्या नाहीत आणि तेही सरकार आठ महिन्यांत गेलं.