शारदा सदन : शाळा कीं घर?

मुलीनें घराबाहेर राहून शिकावें, ही कल्पना अमेरिकेंतहि एके काळीं नवलाचीच होती. १८३७ सालीं मेरी लायन या बाईंनीं मॅसॅच्युसेट्स प्रांतांत माउंट होलिओक विद्यालय काढलें. तेथें वर्षाचा आकार अवघा साठ डॉलर असे. कारण स्वयंपाक, झाडलोट, धुणें हीं सारीं कामें विद्यार्थिनी आपसांत वांटून घेत. रसायनशास्त्र तर लायनबाई स्वतः शिकवीत.

पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेंत होत्या. तेथील स्त्रीशिक्षण त्यांनीं डोळसपणें पाहिलें. बोस्टन येथें त्यांच्या साहाय्यार्थ स्थापन झालेल्या मंडळानें दहा वर्षें मदत देण्याचें वचन दिलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस ‘शारदा सदन’ उघडलें. पुढच्याच वर्षीं तें पुण्यास आलें.

परंतु अमेरिकेंतील मुलीला सुटींत परतावयास माहेर होतें. येथील बालविधवेला बहुधा सदन हेंच घर. म्हणून आरंभीं तेथील स्वयंपाकघरांत जातीचे निर्बंध पाळले जात. तसें न करतां ब्राह्मण बापानें मुलगी धाडली असती काय? इतकें करूनहि, मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात म्हणून १८९३ सालीं पुष्कळ पालकांनीं त्यांना काढून नेलें.

सदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्यांनीं त्याच वर्षीं धोंडो केशव कर्वे यांच्याशीं पुनर्विवाह केला. कर्व्यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला, तेव्हां त्याच्याकरितां वर्गणी गोळा करीत फिरल्या त्या याच बाई, आतां आनंदीबाई या नांवानें.